तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंगला कधी जावे?

आपला प्रश्न असा आहे की मुलांच्या सुट्टीचा मेळ साधून जूनच्या पहिल्या आठवड्यात इंदूरहून हिमाचलातल्या तीर्थनला जायचे आहे, तर तेव्हा नदीवर कोणते किडे असतील आणि कोणत्या फ्लाय, म्हणजे किड्यासारखी दिसणारी बनावट आमिषे, सोबत घ्याव्यात. माझे स्पष्ट मत आहे की रजेच्या सोयीने बेत आखायचा असेल तर फ्लायची यादी विचारून काहीही साधणार नाही. जूनमध्ये वरचा बर्फ वितळत असतो, ऊन चढले की दुपारनंतर पाणी वाढते आणि गढूळ होते. त्यामागोमाग पावसाळा येतो. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर विणीच्या काळामुळे हिमाचलात ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाची मासेमारी बंद असते. म्हणजे हाती उरतो तो मार्च ते मेचा मध्य, आणि पुढे सप्टेंबरची अखेर व ऑक्टोबर.

हे इतक्या ठामपणे लिहितो, कारण याच मुद्द्यावरून माझा आणि माझ्या साडूंचा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. साडूंकडे इंग्लंडमधल्या नद्यांचा एक तक्ता आहे. कोणत्या महिन्यात कोणता किडा निघतो ते त्यात छापलेले आहे, आणि त्यांच्या मते तारीख साधली की बाकी सारे नशीब. माझे म्हणणे असे की किडा तारीख पाहत नाही. निम्फची, म्हणजे पाण्याखाली राहणाऱ्या किड्याच्या पिल्लाची, वाढ पाण्याच्या उबेवर चालते, त्यामुळे ज्या वर्षी बर्फ जास्त पडतो त्या वर्षी सगळेच लांबते.

एका एप्रिलच्या अखेरीस आम्ही दोघे तीर्थनकाठच्या गुशैणी गावाच्या वरच्या अंगाला होतो. साडू उजाडल्यापासून तक्त्याप्रमाणे मोठी, पिवळसर ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय, टाकत होते. मी आधी पाण्यात थर्मामीटर धरला. पारा आठ अंशांच्या आसपास होता, इतक्या गार पाण्यात किडे लगेच वर येणार नव्हते, म्हणून रॉड न जोडता काठालगतचे दगड उलटून पाहू लागलो. एका दगडाच्या खालच्या बाजूला चपट्या अंगाच्या, शेपटीला तीन तंतू असलेल्या, मेफ्लाय या नाजूक पंखांच्या किड्याच्या निम्फ घट्ट चिकटून बसल्या होत्या, आणि शेजारच्या दगडाखालच्या बारीक, सडपातळ निम्फच्या पाठीवरील पंखांच्या पिशव्या काळ्या पडल्या होत्या. पिशव्या काळ्या पडल्या की कात टाकून वर येण्याची वेळ अगदी जवळ आली, असे समजावे. दुपारी आभाळ भरून आले, पाणी दोन-तीन अंशांनी चढले, आणि शेवाळी रंगाच्या बारीक मेफ्लाय पंख उभे मिटून प्रवाहावरून वाहत येऊ लागल्या. ढगाळ, दमट हवेत त्यांचे पंख लवकर सुकत नाहीत, म्हणून त्या पाण्यावर जास्त वेळ राहतात आणि मोठ्या खडकामागच्या संथ पाण्यातले ट्राउट त्यांच्यासाठी वर येतात. मला आधी फेझंट टेल या निम्फसारख्या, पाण्याखाली चालणाऱ्या फ्लायवर आणि नंतर अठरा नंबरच्या (नंबर मोठा तितका गळ बारीक) ॲडम्स या ड्राय फ्लायवर ब्राउन ट्राउट मिळाले. ते मी लगेच पाण्यात सोडले. साडूंच्या फ्लायकडे एकही मासा फिरकला नाही. रात्री जेवताना ते म्हणाले, ‘तुमचे नशीब.’ आजही ते तेच म्हणतात, आणि मला आजही ते पटत नाही, कारण त्या काळ्या पडलेल्या पिशव्या मी त्यांना सकाळीच दाखवल्या होत्या.

तेव्हा चौदा ते अठरा नंबरच्या फेझंट टेल आणि हेअर्स इअर निम्फ जास्त घ्या, कारण ट्राउटचे बहुतेक खाणे पाण्याखालीच चालते. ड्राय फ्लायमध्ये ॲडम्स आणि एल्क हेअर कॅडिस पुरेत. दगडांखाली वाळूच्या कणांची नळकांडी दिसली तर त्यांत कॅडिस या पंखवाल्या किड्याच्या अळ्या असतात. मग कॅडिस बाहेर पडण्यासाठी संध्याकाळची वाट पाहावी.

जून टाळताच येत नसेल तर उजाडताच, पाणी वाढण्यापूर्वी, लहान उपनद्यांवर प्रयत्न करा आणि निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून सकाळचे पाणी नितळ आहे का ते विचारा. मत्स्य विभागाचा परवाना लागतोच. आपल्या नर्मदेवरच्या महाशीरला यातले फारसे लागू पडत नाही. शिवाय मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीला बंदी असते. आणखी एक गोष्ट खरे तर आधीच लिहायला हवी होती. तीर्थन बियासला मिळते तेथून खाली, लारजी धरणापुढच्या पात्रात मुलांना मुळीच उतरू देऊ नका. ८ जून २०१४ रोजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी तेथेच वाहून गेले.