इंग्लंडमधलं अग्निशमन दलांचं स्वतंत्र निरीक्षणालय नेमकं काय करतं? दलप्रमुखाला ते घरी पाठवू शकतं का?

नाही. दलप्रमुखाची नेमणूक आणि हकालपट्टी हे त्या-त्या भागातल्या फायर अथॉरिटीचं, म्हणजे दल ज्या स्थानिक संस्थेच्या ताब्यात असतं तिचं काम. निरीक्षणालयाला साधा बंब विकत घ्यायचा हुकूमही सोडता येत नाही.

आपल्याकडे ‘फायर ऑडिट’ म्हटलं की इमारतच आठवते: महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा तो दाखला. इंग्लंडमधलं हे निरीक्षणालय तपासतं ते खुद्द दलाला. पोलिसांची तपासणी करणारी १८५६ पासूनची एक संस्था होती. २०१७ मध्ये तिच्याकडेच हे काम दिलं आणि नाव झालं एचएमआयसीएफआरएस, म्हणजे पोलीस आणि अग्निशमन-बचाव सेवांचं शाही निरीक्षणालय. निरीक्षकांची नेमणूक राजाच्या नावे होते; ते सरकारचे किंवा दलांचे नोकर नसतात. कक्षेत फक्त इंग्लंडमधली ४४ दलं.

तपासणी तीन अंगांनी होते: कामाचा परिणाम, पैशाचा-साधनांचा वापर आणि माणसांची निगा. आधी कागदपत्रं आणि कर्मचाऱ्यांची प्रश्नावली, मग प्रत्यक्ष स्टेशनं आणि नियंत्रण कक्ष. खरी मेख या दुसऱ्या टप्प्यात असते. बंबात बसवलेल्या संगणकावर (टर्मिनलवर) जवानांना जवळच्या धोकादायक इमारतीची माहिती उघडायला सांगतात. जिने कुठे, हायड्रंट कुठे, सिलिंडर कुठे साठवलेत, जवानांनी इमारतीला दिलेली शेवटची भेट कधीची? बरेचदा भेट झालेली असते, फॉर्म भरलेला असतो, पण मुख्यालयात नोंद चढलेली नसते. आग लागली की पडद्यावर जुनीच माहिती.

दुसरी नेहमीची गफलत ऑन-कॉल स्टेशनांची. हे जवान एरवी दुसरी नोकरी करतात आणि पेजर वाजला की धावतात. दुपारी ते कामाच्या गावी असले, तर बंब असूनही निघत नाही. ‘इतक्या मिनिटांत पोहोचू’ हे कागदावरचं वचन आणि बंब खरोखर किती तास उपलब्ध होता, हे दोन्ही शेजारी ठेवलं की पितळ उघडं पडतं.

निष्कर्ष दोन तऱ्हेचे: ‘सुधारणेस वाव’ आणि ‘चिंतेचं कारण’. दुसरा शेरा आला की शिफारशी, कृती आराखडा आणि फेरतपासणी मागे लागते. याशिवाय दलाच्या कामगिरीला श्रेण्या देतात. त्या पूर्वी चार होत्या. तपासणीच्या तिसऱ्या फेरीत ‘पुरेसं’ ही पाचवी आली. माझ्या मते ते बरंच झालं, कारण आधी ‘चांगलं’ आणि ‘सुधारणा हवी’ यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

दात नाहीत म्हणून धाक नाही असं मात्र नाही. अहवाल जाहीर होतो आणि शिफारशींवर काय केलं हे फायर अथॉरिटीला जाहीरपणे सांगावं लागतं. फारच बिघडलं तर दल ‘एंगेज’ नावाच्या कडक देखरेखीखाली जातं. लंडन फायर ब्रिगेड डिसेंबर २०२२ मध्ये तिथे गेली. अंतर्गत वागणुकीवरचा एक स्वतंत्र अहवाल त्याच्या आदल्या महिन्यातच आला होता. त्याहीपुढे हस्तक्षेप करायचा तर अग्निशमन-बचाव सेवांच्या २००४ च्या कायद्याच्या कलम २२ नुसार तो अधिकार मंत्र्यालाच.

वैयक्तिक तक्रारी इथे घेत नाहीत. त्या आधी दलाकडे, मग स्थानिक प्रशासनाच्या लोकपालाकडे.