मला इथिओपिया आलाय, पण पटतंय इजिप्तचं!

प्रश्न: ताई, मी अकरावीला आहे, सोलापुरात. पुढच्या महिन्यात आमच्या कॉलेजात एमयूएन आहे, म्हणजे एकेकाला एकेक देश देऊन युनोची सभा भरवतात ना, ते. विषय नाईलचं पाणी. मला इथिओपिया आलाय, मैत्रिणीला इजिप्त. पण वाचलं तसं मला इजिप्तचंच खरं वाटायला लागलंय, वर इथिओपियानं एवढं मोठं धरण बांधल्यावर खालच्यांनी काय करायचं? न पटणारी बाजू मांडू कशी? आणि इंग्रजीची धास्ती आहेच.

उत्तर: अगं तू सोलापूरची ना, मग उजनी मायनसमध्ये गेलं की घरात काय बोलणं चालतं ते आठव. पुण्याकडनं पाणी सोडत नाहीत म्हणून आपण ओरडतो तेव्हा आपण इजिप्त असतो, आणि तीच भीमा पुढे कर्नाटकात जाते, तिथल्यांच्या नजरेनं बघितलं तर आपणच इथिओपिया! दोन्ही बाजू तुला घरातच मिळाल्यात की.

आता मुद्द्याचं. १९५९ साली इजिप्त आणि सुदाननं करार करून नाईल वाटून घेतली, इजिप्तला ५५.५ अब्ज घनमीटर, सुदानला १८.५, आणि जिच्या डोंगरांतनं नाईलचं बहुतेक पाणी येतं त्या इथिओपियाला विचारलंच नाही. भाषणाची सुरुवात इथूनच कर. दुसरं, हे धरण विजेसाठी आहे, टर्बाइन फिरवून पाणी खाली जातंच. पण मैत्रीण हुशार असेल तर ती विचारेल, सलग दोन-तीन वर्षं पाऊस नाही पडला तर किती सोडणार ते लेखी द्या. खरी गाडी तिथंच अडलीये, २०१५ ला सुदानच्या राजधानीत, खार्तूममध्ये, इथिओपिया, इजिप्त आणि सुदान या तिघांनी धरणाबाबतच्या तत्त्वांवर सह्या केल्या तरी. याचं उत्तर तयार ठेव, कुठे वाकायचं आणि कुठे अजिबात नाही ते, कारण ठराव माइकवर कमी आणि सगळे जागा सोडून घोळक्यानं उभे राहतात तेव्हाच जास्त लिहिला जातो. काही पोरं नुसती आवाज चढवून बक्षीस नेतात, मला ते मुळीच आवडत नाही.

पटायलाच पाहिजे असं नाही गं, वकिलाला तरी प्रत्येक केस कुठे पटते? इंग्रजीचं म्हणशील तर वाक्यं छोटी ठेव. तिथं 'मी' म्हणायचं नसतं, 'द डेलिगेट ऑफ इथिओपिया' म्हणायचं, त्यामुळे चुकलं तर इथिओपिया चुकला! आणि आठवडाभर रात्री जेवताना बाबांना इजिप्त करून बसव, पाण्याच्या विषयावर ते तावातावानं बोलतीलच.