शंका-समाधान : कट केलेली ओळ गेली कुठे?

प्रश्न : गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी मी व्हीएस कोड या टेक्स्ट एडिटरमध्ये ठेवतो, दर घराला एक ओळ. दांडिया बाजारच्या गटात चुकून आलेली ओळ कट करून रावपुऱ्याच्या गटात पेस्ट करायला जातो, तर कधीकधी तिथे नुसती रिकामी ओळ पडते. असं का होतं?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : या एडिटरमध्ये काहीही सिलेक्ट न करता कंट्रोल-एक्स किंवा कंट्रोल-सी दाबलं, की कर्सर असलेली अख्खी ओळ क्लिपबोर्डवर जाते. तुम्ही ओळ कट करता, रावपुऱ्याखालच्या रिकाम्या ओळीवर येता आणि व्हीऐवजी बोट शेजारच्या सीवर पडतं. रिकामी ओळसुद्धा ओळच. ती कॉपी होते आणि आधीची पुसली जाते. लगेच लक्षात आलं तर कंट्रोल-झेड दाबत ओळ मूळ जागी परत आणा. विंडोजची क्लिपबोर्ड हिस्टरी आधीपासून चालू असेल तर विंडोज-व्ही दाबून शेवटच्या २५ नोंदींतही ती सापडेल.

कायमचा बंदोबस्त हवा असेल तर कंट्रोल-स्वल्पविराम दाबून सेटिंग्ज उघडा, ‘एम्प्टी सिलेक्शन क्लिपबोर्ड’ शोधा आणि खूण काढा. आता सिलेक्शनशिवाय कट-कॉपी होणारच नाही. पूर्ण ओळ हवी तेव्हा कंट्रोल-एल, मग कंट्रोल-एक्स. कंट्रोल-एल पुन्हा दाबलं तर पुढची ओळही सिलेक्शनमध्ये येते.

इथे एक फरक पडतो, तो सांभाळा. सिलेक्शनशिवाय कट केलेली ओळ पेस्ट करताना कर्सर ओळीत कुठेही असला तरी ती त्या ओळीच्या वर बसते. कंट्रोल-एलने घेतलेली ओळ मात्र कर्सर असेल तिथेच घुसते. कर्सर ‘५०१’मधल्या पाचानंतर असेल, तर ‘५’ एका ओळीत आणि ‘०१’ दुसरीत! म्हणून आधी होम दाबा. फाइलच्या शेवटच्या ओळीपुढे एंटर नसेल, तर ती पेस्ट केल्यावर पुढच्या घराला चिकटते. यादीच्या शेवटी एक एंटर ठेवाच.

खरं तर ओळ थोडीच वर-खाली न्यायची असेल तर क्लिपबोर्डला हातच लावू नका. ऑल्ट आणि वरचा किंवा खालचा बाण दाबा, ओळ सरकते. नुसती काढून टाकायची असेल तर कंट्रोल-शिफ्ट-के. त्याने क्लिपबोर्डवरचा मजकूर शाबूत राहतो. ही की अवघड वाटत असेल तर कंट्रोल-के, कंट्रोल-एस दाबून ‘डिलीट लाइन’ शोधा, पेन्सिलीवर क्लिक करून नवी की द्या. ती आधीच दुसऱ्या कामाला असेल तर खिडकीत तसं दिसतं. कंट्रोल-डी घेऊ नका. तोच शब्द पुढे जिथे येतो ते ठिकाण निवडायला ती लागते.

प्रश्न : ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये कंट्रोल-के दाबल्यावर मजकूर जातो, पण रिकामी ओळ उरते. दर वेळी दोनदा दाबावं लागतं.
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : कंट्रोल-के ओळीच्या शेवटापर्यंतच कापते, ओळ मोडणारं चिन्ह दुसऱ्या दाबाला जातं. मेटा-एक्स (मेटा म्हणजे बहुतेक कीबोर्डांवर ऑल्ट) दाबून ‘कस्टमाइझ-व्हेरिएबल’ चालवा, ‘किल-होल-लाइन’ हे नाव द्या, टॉगलने चालू करून सेव्ह करा. मात्र कर्सर ओळीच्या अगदी आरंभी असेल तरच पूर्ण ओळ जाईल. कर्सर कुठेही असताना अख्खी ओळ कापायला कंट्रोल-शिफ्ट-बॅकस्पेस आहे. टर्मिनलमध्ये ही की बहुधा पोचत नाही, तिथे त्या सेटिंगच्याच नावाची ‘किल-होल-लाइन’ ही आज्ञा एफ-८ सारख्या मोकळ्या कीला जोडा.

लागोपाठ कंट्रोल-के दाबून कापलेल्या ओळी एकाच गठ्ठ्यात जमतात आणि कंट्रोल-वायने एकत्र परत येतात. मध्ये कर्सर हलवला की नवा गठ्ठा सुरू होतो. जुना हवा असेल तर कंट्रोल-वायनंतर मेटा-वाय दाबत मागे जा.