माजघरातला उजेड

चि. मित्रास अनेक आशीर्वाद.

कोणता कॅमेरा घेऊ, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर वर्षभरात शिळे होईल, म्हणून ते देत नाही. त्याऐवजी एस. रामचंद्र या कन्नड छायालेखकाचे काम नीट पाहा. नाव तुझ्या कानावरून गेले नसेल, पण तुझ्या आईवडिलांनी त्यांचे काम दूरदर्शनवर पाहिलेले आहे; आगुंब्यात चित्रित झालेल्या शंकर नाग यांच्या ‘मालगुडी डेज’चा कॅमेरा त्यांचा होता.

त्यांची सुरुवात सहायक म्हणून झाली. १९७०च्या ‘संस्कार’चे छायालेखक ऑस्ट्रेलियाहून आलेले टॉम कोवन होते आणि रामचंद्र त्यांच्या हाताखाली होते. पुढे १९७५मध्ये ब. व. कारंतांचा ‘चोमन दुडी’ आणि १९७७मध्ये ‘घटश्राद्ध’ त्यांनी स्वतंत्रपणे चित्रित केले, आणि या तिन्ही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘ऋष्यशृंग’साठी त्यांना स्वतःलाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला, पण पुरस्कारांची यादी पाठ करून तुला काही मिळणार नाही. सहायक म्हणून राबण्याचा तुला कमीपणा वाटतो, हे तुझ्या पत्रावरून दिसले, म्हणून एवढे लिहिले.

‘घटश्राद्ध’ मात्र तीनदा पाहा, आणि एकदा आवाज बंद करून पाहा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून नुकतेच बाहेर पडलेल्या गिरीश कासरवल्लींचा तो पहिलाच चित्रपट. अग्रहारातल्या, म्हणजे ब्राह्मणवस्तीतल्या, एका तरुण विधवेची फरफट तिच्या वडिलांकडे वेदाध्ययनाला आलेल्या लहान मुलाच्या नजरेतून त्यात दिसते. चित्रपट कृष्णधवल आहे. रंगच नसल्यामुळे काळे लाकूड, काळे केस आणि सावली एकमेकांत मिसळू नयेत, ही जबाबदारी एकट्या प्रकाशावर येते. आणि त्या काळी काय उमटले आहे, हे लॅबमधून रशेस, म्हणजे चित्रित फिल्मच्या पहिल्या प्रती, येईपर्यंत कळत नसे.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. कोकणातल्या एका कौलारू घरात चित्रीकरण होते. ओटीवर प्रकाश मोजायचा मीटर धरला आणि माजघरात धरला, तेव्हा चार स्टॉपचा, म्हणजे सोळापट प्रकाशाचा, फरक निघाला. घाबरून मी आत दोन दिवे लावले, उजेड परतवायला थर्मोकोल उभे केले आणि म्हातारीचा चेहरा लख्ख उजळून टाकला. घराचे मालक दारातून डोकावले आणि म्हणाले, “आमच्या घरात एवढा उजेड लग्नातसुद्धा नव्हता.” त्यांनी तक्रार केली नव्हती, पण रशेस पाहताना मला ते वाक्य आठवत राहिले: म्हातारी पोस्टाच्या तिकिटासारखी सपाट दिसत होती. उजेड दारातूनच येऊ द्यायचा, चेहऱ्याची एक बाजू जेमतेम वाचता येईल एवढीच भर घालायची आणि दुसरी बाजू अंधाराला देऊन टाकायची, हे तेव्हा कळायला हवे होते.

पावसाचेही असेच आहे. समोरून प्रकाश टाकलास, तर धो-धो पाऊसही पडद्यावर दिसत नाही. तो मागून उजळावा लागतो आणि त्याच्या पाठीशी काहीतरी काळे असावे लागते. त्यासाठी २००२चा ‘द्वीप’ पाहा. तो मात्र दुसऱ्या रामचंद्रांचा, एच. एम. रामचंद्र यांचा, दोघांची गल्लत पुष्कळ जाणकारही करतात. धरणाच्या पाण्याखाली जाऊ घातलेल्या बेटावरचा तो मलनाडचा, कर्नाटकातल्या डोंगराळ भागाचा, पाऊस पाहिलास, की पाण्याचा पडदा आणि भिजलेला चेहरा यांना वेगवेगळा प्रकाश का लागतो, हे मला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता कामाचे. तुझ्या आजीच्या घरात सकाळी सात, दुपारी बारा आणि दिवेलागणीला एकाच कोपऱ्यात बसलेल्या माणसाची छायाचित्रे काढ. एकही दिवा लावू नकोस आणि एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश आत घ्यायचा ते, कॅमेऱ्यावर सोडू नकोस, प्रत्येक वेळी आकडे वहीत लिही. मीटर माझ्याकडचा ने. त्याचा सेल उतरला आहे, तेवढा नवा घेऊन ये.

तुझा,
काका