पीएचडीला नाव घालण्याआधी

अगं, गाईड निवडताना विषय बघच, पण आधी त्या लॅबमधल्या मुलींसोबत चहाला बस. कुणाची पीएचडी मध्येच सुटली, का सुटली, ते विचार. मी विचारलं नाही आणि माझी दोन वर्षं गेली. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत बाळंतपण-बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा आहे, ती हक्कानं माग. खंड पडलाच तर बायकांना संशोधनात परत यायला मदत करणारी, केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना 1933 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बाई म्हणून पहिलं वर्ष अटींवर काढावं लागलं. तरी 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. आणि हो, पेपरवरच्या नावांचा क्रम प्रयोग सुरू करतानाच ठरवून घे, तोही ईमेलवर.