ट्रंकचं माप, बॉक्सरचा धंदा

प्रश्न : ऑनलाइन मागवलेली ट्रंक (आखूड पायांची घट्ट अंडरवेअर) चालताना मांडीवर गोळा होते, पँटवरून रेघ दिसते. एक नंबर मोठी घेऊ का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नको. पाय सैल पडला की ती आणखी वर चढेल. दोष बहुधा आखूड पायाचा असतो. ट्रंकची आतली शिवण, म्हणजे जांघेपासून पायाच्या काठापर्यंतची लांबी, साधारण २-३ इंच असते. मांड्या घासत असतील तर तशीच घट्ट पण ५-६ इंच पायाची बॉक्सर ब्रीफ घ्या. शिवण फ्लॅटलॉक, म्हणजे सपाट बसणारी हवी. ओव्हरलॉक या नेहमीच्या जाड शिवणीचा उंचवटा पँटवर उमटतो आणि उन्हाळ्यात कातडी सोलवटतो. कापडात ५ टक्के इलास्टेन (ताणणारा धागा) पुरे, पण कढत पाण्यात आधी तेच मरतं. पांढऱ्या लिननखाली पांढरी घालू नका, अंगाच्या रंगाची घाला.

पँटच्या नंबरावर कधीच विसंबू नका. ३४ लिहिलेली पँट कमरेत पुष्कळदा ३५-३६ भरते. इलॅस्टिक जिथे बसतं तिथे, उघड्या अंगावर टेप लावा. आपल्याकडचा ८५ म्हणजे सेंटिमीटर, सुमारे साडेतेहतीस इंच. बनियनचा ८५ मात्र छातीचा.

प्रश्न : घरचे यंत्रमाग आहेत. स्वतःच्या नावाने ट्रंक ऑनलाइन विकायच्या आहेत. माल किती भरू? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : मागावरचं कापड ताणत नाही, त्याची ट्रंक होणार नाही. तिला होजिअरीचं कापड लागतं, ते तिरुपूरहून आणावं लागेल. घरच्या पॉपलिनची सैल बॉक्सर मात्र झकास होते. आमचा आग्रह तिथूनच सुरुवात करण्याचा आहे.

शिवण्याआधी कापडावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा, तीनदा धुवा, वाळवून मोजा. एखादी बाजू ४८ च्या खाली गेली तर कापड आधी आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर तक्रारी सुरू होतील. काळ्या-निळ्या रंगावर ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतो का बघा.

दोनच रंग, पाच मापं. ८० ते १०० साठी १:३:३:२:१ हे प्रमाण ठेवा; रंगामागे २०० नग पुरे. सगळी मापं सारखी भरलीत तर ८५-९० संपतील आणि ८० पडून राहील.

घातलेला नग पुन्हा विकता येत नाही, म्हणून चुकीचं माप हाच सर्वांत मोठा तोटा. फोटोसोबत इलॅस्टिक न ताणता कंबर, पूर्ण ताणून कंबर आणि पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्या. तीनच्या पॅकआधी एकेक नग विकायला ठेवा. नवखं गिऱ्हाईक आधी एकच घालून बघतं. सील उघडल्यावर परत नाही हे ठळक लिहा, पण शिवण उसवली तर नग मुकाट बदलून द्या.

जीएसटी नोंदणी आधी करा. मागाच्या कापडाची बॉक्सर ६२०७ या एचएसएन कोडमध्ये (बिलावरचा मालाच्या वर्गाचा क्रमांक) येते, होजिअरीची ट्रंक ६१०७ मध्ये. बिलावर गल्लत नको.