अंडरस्टडी आला की म्युझिकलमधली भूमिका बदलते का?

तुमचा प्रश्न असा आहे: म्युझिकलचं, म्हणजे गाण्यानाचातून गोष्ट सांगणाऱ्या नाटकाचं, तिकीट काढलंय, आणि आता कळलं की त्या दिवशी मुख्य भूमिका अंडरस्टडी, म्हणजे मूळ नटाच्या जागी उभा राहणारा बदली नट, करणार आहे. चाली त्याच, शब्द तेच, हालचालीही ठरलेल्या. मग तो नट भूमिकेत स्वतःचं काही आणू शकतो, की मूळ नटाची नक्कलच बघायला मिळते?

आणू शकतो. कधी कधी तर इतकं आणतो की त्याच गोष्टीत आपल्याला वेगळ्याच पात्राची बाजू पटायला लागते. मी म्युझिकलच्या वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवते आणि अंडरस्टडींच्या तालमींना पियानोवर बसते. त्यामुळे माझं उत्तर डोळ्यांपेक्षा कानांच्या भरवशावर आहे.

काय बदलत नाही ते आधी सांगते, कारण ते खूप आहे. ठरलेल्या शब्दावर प्रकाश बदलतो, ठरलेल्या मात्रेला नेपथ्य सरकतं, आणि नाचात कुणाला उचलायचं असेल तर ते त्याच जागी व्हावं लागतं, नाहीतर कुणीतरी जखमी होईल. मूळ दिग्दर्शक तोवर बहुतेक दुसऱ्या कामाला लागलेला असतो. अंडरस्टडीला तयार करतात ते स्टेज मॅनेजर, नाचाचा कॅप्टन आणि संगीत बघणारी माणसं. तालीम होते ती इतर अंडरस्टडींबरोबर आणि एकट्या पियानोवर. पूर्ण वाद्यवृंदाबरोबर गाण्याची पहिली वेळ थेट प्रयोगातच येते, असंही होतं. पट्टी सहसा तीच राहते, कारण एका दिवसासाठी सगळ्या वाद्यांची स्वरलिपी बदलणं व्यवहारात जमत नाही.

एवढं सगळं बांधलेलं असताना मोकळं काय उरतं? श्वास. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. समजा, गाण्याची ओळ आहे, ‘मी थांबणार नाही तुझ्यासाठी’. मुख्य अभिनेत्री ती एका दमात गाते आणि ऐकणाऱ्याला कळतं, हिला आता या माणसाची पर्वा उरलेली नाही. अंडरस्टडी ‘नाही’नंतर श्वास घेते. ‘मी थांबणार नाही. तुझ्यासाठी.’ आता ती त्याच्या भल्यासाठी निघून चालली आहे! सूर बदलला नाही, शब्द बदलला नाही, दिग्दर्शकानं आखलेली वाटही तीच. पण पुढचा अख्खा अंक वेगळ्या प्रकाशात दिसायला लागतो. त्या अर्ध्या मात्रेसाठी वाद्यवृंदाच्या संचालकाचा हात हवेत थांबतो आणि आम्ही सगळे त्याच्याबरोबर थांबतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाजाची जात. बऱ्याच भूमिका पहिल्या नटाच्या गळ्यावर बेतलेल्या असतात. ‘ले मिझराब्ल’ हे म्युझिकल लंडनमध्ये 1985 साली आलं तेव्हा त्यातलं ‘ब्रिंग हिम होम’ हे गाणं नायकाची भूमिका करणाऱ्या कोल्म विल्किन्सनचा आवाज डोळ्यांपुढे ठेवून केलं गेलं. ती प्रार्थना आहे: हा तरुण मुलगा जगू दे, हवं तर मला ने. वरचे सूर अगदी हलके, जवळजवळ कुजबुजल्यासारखे लावायचे. ज्याचा आवाज जड आहे, छातीतून येणारा आहे, तो त्याच सुरांपर्यंत वेगळ्या वाटेनं पोचतो. मग ते देवाकडे मागणं राहत नाही, देवाशी घातलेला वाद होतो. मला दोन्ही खरे वाटतात. जड आवाजाचा नट तो हलकेपणा उसना आणायला जातो, तेव्हाच ते गाणं पडतं.

तिसरी गोष्ट प्रेक्षकांच्या फारशी लक्षात येत नाही. अंडरस्टडी बहुतेकदा रोज त्याच नाटकात समूहात असतो, कधी गर्दीतला माणूस, कधी पहारेकरी. म्हणजे त्यानं नायकाला कितीतरी वेळा बाजूनं पाहिलेलं असतं, नायक ज्यांच्यावर ओरडतो त्यांच्यात उभं राहून. असा नट नायक झाला की त्याची नजर गर्दीकडे जाते. मुख्य नट जे वाक्य प्रेक्षकांकडे बघून म्हणतो, ते हा शेजारच्या पहारेकऱ्याकडे बघून म्हणतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. काल तो त्याच जागी उभा होता.

अर्थात सगळे बदली नट एकाच प्रकारचे नसतात. स्विंग समूहातल्या अनेक भूमिका पाठ ठेवतो. स्टँडबाय रोज रंगमंचावर नसतो, फक्त एक-दोन मोठ्या भूमिकांसाठी तयार राहतो. ऑल्टरनेटचे प्रयोग आधीच ठरलेले असतात. ‘फॅंटम ऑफ द ऑपेरा’मधल्या क्रिस्टीन या नायिकेला इतकं गायचं असतं की आठवड्याच्या आठपैकी काही प्रयोग ऑल्टरनेट करते. ‘हॅमिल्टन’मध्ये मुख्य भूमिका करणाऱ्या लिन-मॅन्युएल मिरांडाचा ऑल्टरनेट हाविएर मुन्योझ होता. जुलै 2015 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा प्रयोगाला आले, त्या दुपारी मुख्य भूमिकेत मुन्योझच होता. वर्षभरानं मिरांडा बाहेर पडल्यावर ती भूमिका पूर्णपणे त्याच्याकडे आली. ‘फनी गर्ल’च्या 2022 च्या ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, प्रयोगात ज्युली बेंको आधी स्टँडबाय होती, मग ऑगस्टचा महिना तिनं नायिका केली आणि पुढे गुरुवारचे प्रयोग तिचे झाले. असे नियमित प्रयोग मिळाले की भूमिका अंगात मुरते. या नटांना ‘दुसरा’ म्हणणं मला पटत नाही.

ऐनवेळी उभं राहणाऱ्याची गोष्ट वेगळी. डिसेंबर 2021 मध्ये ‘द म्युझिक मॅन’मध्ये सटन फॉस्टर आजारी पडली आणि कॅथी वॉयट्को ही स्विंग नायिका म्हणून उभी राहिली. प्रयोगानंतर नायक झालेल्या ह्यू जॅकमननं प्रेक्षकांना सांगितलं की तिला दुपारी 12 वाजता कळलं आणि 1 वाजता या भूमिकेची तिची पहिली तालीम झाली. अशा प्रयोगात फार खोल अर्थ शोधू नये. नटाचं अर्धं लक्ष पुढच्या दारातून वेळेवर बाहेर पडण्याकडे असतं. पण समोरचा नट मात्र जागा होतो. महिनोन्महिने एकाच चेहऱ्याकडून येणारी उत्तरं त्याला सवयीची झालेली असतात. नवा माणूस अर्धा क्षण उशिरा बोलतो, हात वेगळ्या दाबानं धरतो, आणि त्याला पुन्हा खरोखर ऐकावं लागतं. अशा रात्री जुन्या नटाचं काम उजळलेलं मी पाहिलंय. अंडरस्टडीनं भूमिका बदलली असं आपण म्हणतो, पण बदल दोघांच्या मधल्या जागेत झालेला असतो.

नक्कल होतच नाही का? होते. काही निर्माते प्रत्येक हरकत मूळ नटासारखी मागतात आणि काही नट भीतीपोटी स्वतःच तसं करतात. मला ती लगेच ऐकू येते, कारण नक्कल करणारा मुख्य नटाच्या श्वासाच्या जागीच श्वास घेतो, त्याला स्वतःला तिथे गरज नसली तरी. असे अंडरस्टडी सहसा तिसऱ्या-चौथ्या प्रयोगापर्यंत सुटे होतात, अर्थात तेवढे प्रयोग त्यांना मिळाले तर. अनेकांना मिळत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुम्ही तिकीट परत करू नका. ब्रॉडवेवर परतावा सहसा तेव्हाच मिळतो, जेव्हा नाटकाच्या नावाच्या वर ज्याचं नाव छापलंय तो नट येत नाही. तुमच्या बाबतीत तसं असलं तरी जा. मूळ नटाच्या आवाजातला अल्बम आधी ऐकून जायची सवय असेल तर यावेळी तो दोन दिवस बाजूला ठेवा. पहिलं गाणं तुलनेत जाईल, ते जाऊ द्या. दुसऱ्या गाण्यापासून फक्त एवढंच बघा, की हे पात्र कुणाकडे बघून गातंय आणि ओळ कुठे तोडतंय. नंतर कधी मुख्य नटाचा प्रयोग बघायला मिळाला तर त्यातही हेच बघा.